उणे चार अंश

खारियालाख,
२४ नोव्हेंबर २०१९

प्रिय सेत्सुकोताई,

आधी तुमच्या गुडघ्यांना नमस्कार, मग तुम्हाला. जिना चढायची बंदी अजून आहे का? इथे सगळे बरे आहेत. आज उणे छत्तीस आहे. पिण्याच्या पाण्यासाठी तळ्यावरचं बर्फ कापणं परवा संपलं.

यंदा आम्ही जेमतेम अकराजण होतो. पूर्वी अख्खं गाव लोटायचं, तुम्हाला आठवत असेल. शहाण्णव साली तुम्ही पहिल्यांदा आलात, करवत हातात घ्यायचा हट्ट धरलात आणि पहिल्याच लादीबरोबर घसरून आडव्या झालात. आमचे बाबा केवढ्यांदा ओरडले होते, "अगं पोरी, बर्फ वर काढायचंय, तुला खाली नाही घालायचं!" घरी आल्यावर त्यांनी गोठलेल्या माशाचे पातळ काप काढून तुमच्यापुढे ठेवले आणि विचारलं, "तुमच्या देशातली थंडी संपली की काय? आमची मोजायला आलीस ती!" तुम्ही इतक्या हसलात की मिठाची वाटी उलटली. तशी हसणारी माणसं आता आमच्या स्वयंपाकघरात येत नाहीत.

तुम्ही जपानी, ते दोघे उंच जर्मन आणि याकुत्स्कच्या संस्थेतली आपली माणसं. नऊ गावांत नऊ थर्मामीटर. आमच्या गावचा थर्मामीटर बाबांनी बारा महिने गोठलेल्या जमिनीत स्वतः खणलेल्या तळघरात, मांसाच्या आणि बर्फाच्या लाद्यांमागे, जमिनीत पाडलेल्या भोकात सोडलात. महिन्याच्या एक तारखेला खाली उतरून आकडा लिहायचं काम मला दिलंत. मी गावच्या शाळेत भूगोल शिकवणारी बाई. मी लिहिलेला आकडा सापोरोत कुणीतरी वाचतं, या विचाराने मी महिनाभर ताठ मानेने चालायचे. बाबा तर माझ्या वरताण. ज्याला त्याला ऐकवायचे, "माझं तळघर जपानपर्यंत ठाऊक आहे, तुझं कुठपर्यंत?"

दोन हजार सात साली तुम्ही शेवटचं आलात. नंतर पैसे थांबले, तुमचे गुडघे थांबले, आणि फक्त माझे आकडे टपालाने येत राहिले. पुढे तुमचा तो लेख छापून आला. आठ गावांची जमीन गरम होत चालली आहे, एकटं खारियालाख उणे चारावर टिकून आहे, आणि ते का टिकलं, यावर. माझंही नाव घातलंत त्यात. शाळेत तो लेख काचेच्या चौकटीत लावलाय. मी त्या भिंतीकडे बघत नाही.

चहा करून आले. तीन वेळा पेन उचललं आणि खाली ठेवलं.

सप्टेंबरात जिल्ह्याहून इंजिनियर आला, रोदिओन नावाचा. नवी शाळा आमच्या घरामागच्या कुरणात बांधायची आहे. मार्चमध्ये पायाचे खांब ठोकणार. एकशे चाळीस मुलं, त्यांत माझी नात सायना. ग्रामसभेत त्याने तुमचा लेख वर धरला. "जमीन पक्की गोठलेली आहे, जपानने सांगितलंय!" मी उठून म्हटलं, तिथे नको, जमीन चांगली नाही. तो म्हणाला, "अहो आकुलिना प्रोकोपीयेव्ना, यात नाव तर तुमचंच आहे! की घरामागे पोरांचा कलकलाट नको?" सगळे हसले. मीही हसले आणि खाली बसले. का नको, ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

ताई, दोन हजार आठच्या ऑगस्टमध्ये आमच्या तळघरात पाणी आलं.

मांस सडलं. ते बाबांनी कुणाला न सांगता पुरून टाकलं. ज्याचं तळघर ओलं, त्याच्या घराची बरकत गेली, असं आमच्यात म्हणतात. एक तारखेला मी वही घेऊन निघाले तर थर्मामीटर जागेवर नाही. बाबांनी तो टोपीत घालून डोंगरउतारावरच्या सेम्योनकाकाच्या तळघरात नेऊन सोडला होता. तिथे वर दाट झाडी आहे, जमीन अजून कडक आहे. मी भांडले. ते म्हणाले, "ती पोर एवढ्या लांबून येते. तिला चिखल दाखवू? तिथे वाच आणि इथलं म्हणून लिही. थंडी ती थंडीच!" अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस माझ्यापुढे रडवेला झाला होता. झाकली मूठ तशीच राहू दे, असं मला वाटलं. मी लिहिलं, उणे चार.

बाबा दोन हजार बाराला गेले. त्यानंतरची सात वर्षं माझी आहेत, ती त्यांच्या माथी मारणार नाही. पहिली एक-दोन वर्षं बाबांची आठवण म्हणून लिहीत राहिले. मग सवयीने. लेखात नाव आल्यावर मात्र भीतीने. तुम्ही माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकलात आणि मी तुमच्या आयुष्यभराच्या कामात खोटं कालवलं. याची मला रोज लाज वाटते.

काल मी गमबूट घालून आमच्या तळघरात उतरले. पाणी पोटरीपर्यंत आहे. भोकात नवा थर्मामीटर सोडला आणि तासभर थांबले. शून्याच्या वर चार दशांश. अकरा वर्षांत या घरात मी लिहिलेला हा पहिला खरा आकडा. अशा जमिनीत ठोकलेला खांब किती दिवस उभा राहील, हे तुम्हीच मला शिकवलंत.

वीस डिसेंबरला पुन्हा ग्रामसभा आहे. तिथे मी हे सगळं उभी राहून सांगणार आहे, बाबांच्या टोपीसकट. गाव काय म्हणायचं ते म्हणेल. पण छापलेल्या लेखापुढे म्हातारीच्या बोलण्याला रोदिओन किती किंमत देईल, ते तुम्ही जाणता. लेख चुकीचा आहे हे तुम्ही लिहाल, तेव्हाच खांब थांबतील. त्यात माझ्या नावाबरोबर तुमचंही नाव खाली येईल, हे मला कळतं, आणि तरी मागते आहे.

रोदिओनचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. माझ्यावर रागवायला पुढे वेळ आहे. मला उत्तर नाही दिलंत तरी चालेल, ताई, त्याला द्या.

आमच्या घरात तुम्ही जिला खरी समजलात ती,
आकुलिना