कुठली सिस्टिम टाकू, काकू?

सर, मला तुमचा राग येतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की संगमनेरच्या ज्या माडीवर तुमचा टायपिंगचा क्लास भरायचा तिथं आता मोबाईलची दुकानं आहेत. गेलेल्या माणसावर रागावू नये असंही मला घरात सांगतात. पण गेल्या आठवड्यात मी श्रीरामपूरला कॉम्प्युटरच्या दुकानात उभी होते आणि दुकानदार मला काही विचारतच नव्हता. तो माझ्या हातातल्या फोनशी, म्हणजे फोनवर असलेल्या माझ्या मुलाशी बोलत होता. कॉम्प्युटर माझा, काम माझं, बसने धक्के खात बेलापूरहून आलेली मी, आणि मला कुठली सिस्टिम हवी हे विचारायचं पुण्यातल्या मुलाला. तेव्हा मला तुमची आठवण झाली. चांगली आठवण झाली असं मी म्हणणार नाही.

तुमच्या माडीवर मी पहिल्यांदा आले तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. वडील पुढे, मी मागे. खिडकीकडच्या रांगेत इंग्रजी मशीन, भिंतीकडच्या रांगेत मराठी. इंग्रजीवर सगळी मुलं बसलेली आहेत आणि त्यांच्या बटणांचा नुसता पाऊस चाललाय. मी बाहेर जिन्यातच ठरवून आलेली आहे की आपण खिडकीकडे बसायचं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता, माझ्याकडे न बघता वडिलांना म्हणता, "पोरीच्या जातीला इंग्रजी कशाला? मराठीवर बसू द्या." वडील म्हणतात, "सर म्हनतील तसं." झालं. दोन पुरुषांनी एका वाक्यात माझं काम उरकलं आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले. परीक्षा पास झालो तेव्हा तुम्ही मुलांना पेनं दिलीत आणि आम्हा मुलींना तुमच्या अकोले तालुक्यातल्या शेतातला तांदूळ. तांदूळ वासाचा होता, आईने कौतुकाने केला, मीही दोनदा मागून घेतला. पण मला पेन हवं होतं.

तुम्हाला वाटेल, ही अजून पेनावरच अडून बसली आहे. पेनाचं सोडा. पुढं काय झालं ते ऐका. मी एका कार्यालयात मराठी टायपिस्ट म्हणून लागले आणि माझ्या हाताखालून गेलेल्या पत्रात कुणी कधी चूक काढली नाही. मग कॉम्प्युटर आले. साहेबांनी ठरवलं की इंग्रजी येणाऱ्यांनी आधी शिकायचं, बाकीच्यांचं नंतर बघू. ते नंतर कधी आलंच नाही. माझं मशीन एक दिवस गोणपाट टाकून कोपऱ्यात गेलं आणि मी आवक-जावकच्या टेबलावर. टपालावर शिक्के मारता मारता माझी नोकरी संपली. ज्यांना स्पेसबार कुठं असतो ते माहीत नव्हतं ते कॉम्प्युटरवर बसले, कारण ते खिडकीकडचे होते. हे तुमच्यामुळे झालं असं मी इतकी वर्षं मनात म्हणत आले आहे, आज लिहून टाकते.

आता गावातल्या एका वकिलांनी मला विचारलंय की खरेदीखतं, प्रतिज्ञापत्रं घरी बसून टाइप करून द्याल का. शुद्ध मराठी टाइप करणारं माणूस त्यांना मिळत नाही म्हणे. आधी एक नमुना करून आणा, मग काम चालू करू, असं ते म्हणाले. मला वाटलं, माझी बोटं परत मला मिळाली. मुलाने त्याचा जुना लॅपटॉप आतलं सगळं पुसून पाठवून दिला आणि तिथून घरात सल्ल्यांना ऊत आला. तुमच्या वेळी हे नव्हतं म्हणून सांगते, कॉम्प्युटरच्या पोटात आधी एक सिस्टिम भरावी लागते, ती नसेल तर तो नुसता डबा. विंडोज म्हणून एक आहे, जी सगळीकडे दिसते. लिनक्स म्हणून एक आहे, जी फुकट मिळते. आणि मॅक आहे, ती माझ्या सुनेकडे आहे आणि तिच्या मशीनला हात लावायच्या आधी मी हात पुसते. मुलगा म्हणाला, आई, नवं विंडोज या जुन्या मशीनवर चढणार नाही, लिनक्स टाक. सून म्हणाली, त्यांना नाही जमायचं ते, नवीनच घ्या. जावई म्हणाले, विंडोजशिवाय बाकी सगळं खेळणं. कुठलं दिसायला चांगलं, कुठल्यावर सिनेमा बरा दिसतो, कुठल्यात व्हायरस येतो, सगळं बोलून झालं. माझा प्रश्न एवढाच होता की मी तुमच्या मशीनवर शिकले तशी बोटं टाकली तर तीच अक्षरं उमटतील का. ते कुणालाच माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावं असंही कुणाला वाटलं नाही.

म्हणून कॉम्प्युटर पिशवीत घालून मी दुकानात गेले. दुकानदार पोरगेलाच होता, बोलायला गोड. "काकू, आता असं कोनी टाइप करत न्हाई. तुमी इंग्लिशमधी लिवा, मराठी आपोआप येतंय. एम आय मारलं का मी आलंच." त्याने करून दाखवलं. खरंच आलं. सर, माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मला 'मी' लिहायला आधी इंग्रजीच्या दारात उभं राहावं लागणार का?" तो हसला आणि फोनमध्ये मुलाला म्हणाला, "दादा, तुमीच समजावा." मुलगा म्हणाला, "आई, सगळे असंच करतात गं." सगळे करत असतील. मला तुम्ही मराठी सोडून काही शिकू दिलं नाहीत, त्यावर मी आयुष्य काढलं, आणि आता हे लोक म्हणतात की मराठीसुद्धा इंग्रजीतून लिही. मग मी भिंतीकडे तोंड करून बसले ते कशासाठी?

मी त्याला म्हटलं, मला खुर्ची दे. दोन मशीन शेजारी लाव, एकावर तुझं विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स, आणि दोन्हीत जुन्या टाइपरायटरचा मराठी कीबोर्ड शोधून काढ. तो म्हणाला असलं काही नसतं. शोधल्यावर दोन्हीत निघालं. मग मी पिशवीतला नॅपकिन काढून बटणांवर अंथरला आणि त्याखाली हात घातले. बोटांकडे बघू नये म्हणून तुम्ही बटणांवर पत्र्याचं झाकण ठेवायचात ना, तसं. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. मी 'दिनांक' मारला. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, आपल्या रीतीने. समोर 'दिनांक' उमटलं. शेजारच्या मशीनवर मारलं, तिथंही उमटलं. मग मी अख्खं प्रतिज्ञापत्र मारत गेले, 'मी खाली सही करणार' पासून 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की' पर्यंत, आणि बोटं कुठं अडखळली नाहीत. करंगळी तेवढी दुखली. दुकानदार म्हणाला, "आयला, काकू, लई भारी." यात भारी काय आहे? हे मला येतच होतं. मला मशीन दिलं नव्हतं, एवढंच.

एक अडचण त्याने बरोबर काढली, ते मान्य करायला हवं. वकिलांनी पेनड्राइव्हवर जुनं एक खरेदीखत दिलं होतं, ते लिनक्समध्ये उघडलं तर सगळा भुगा, एक अक्षर लागेना. "बगा, म्हनून सांगत हुतो, फुकटचं ते फुकटचं," तो म्हणाला. मग विंडोजवर उघडलं तर तिथंही भुगाच. मुलगा फोनवरून म्हणाला की ज्या जुन्या फॉन्टमध्ये ते लिहिलंय तो मशीनमध्ये नाही, तो घातला की दोन्हीकडे दिसेल. घातला, दिसलं. म्हणजे घरात आठवडाभर जी भांडणं झाली ती माझ्या कामापुरती पोकळ होती. नवा कॉम्प्युटर विंडोजसकट घ्यावा, नाहीतर आहे त्यात लिनक्स टाकावं, काम दोन्हीवर होणार होतं. आता उरली होती ती फक्त माझी मर्जी.

आणि मग त्याने विचारलं, सर. फोनकडे न बघता, माझ्याकडे बघून. "मग कुठली सिस्टिम टाकू, काकू? तुमी सांगा."

इतका वेळ मी याच प्रश्नासाठी भांडत होते. तर मी काय केलं असेल? मी फोनकडे पाहिलं. मुलाने काहीतरी म्हणावं म्हणून मी थांबले. त्याचं बहुतेक ऑफिसचं काही आलं असावं, तिकडून नुसती बटणं वाजत होती. दुकानदार वाट बघत होता. शेवटी मी "लिनक्स" म्हणाले, ते इतक्या हळू की त्याने पुन्हा विचारलं.

नमुना वकिलांना पसंत पडला आहे. घरी मी सांगितलं की मी एका दमात ठरवलं, आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. हे पत्रही त्याच मशीनवर लिहिते आहे, तुमच्या मराठीत, आणि ते कुठं धाडायचं नाही म्हणून तुम्हाला खरं सांगते. त्या दिवशी माडीवर तुम्ही मला विचारलं असतंत, तर मी वडिलांकडेच पाहिलं असतं. त्यांनी मराठी म्हटलं असतं आणि मी मराठीच म्हणाले असते.

तरी तुम्ही विचारायला हवं होतं.