ढब्बूचं झालं, चिंगूचं राहिलं

४ मार्च

ट-टक्-टक्, ट-टक्-टक्! टेबलावर डस्टर आपटत गुरुजी कविता शिकवायचे, तो आवाज आज पहाटे कानात आला. भुजंगप्रयात! 'उठा पाखरांनो, दिशा लाल झाली —' आणि मागोमाग अख्खा वर्ग. खडूची धूळ उडायची, पुढच्या बाकावरचे शिंकायचे, तेही तालात. पुढची ओळ काही केल्या आठवेना. जिभेवर आली आली म्हणेपर्यंत भिंतीपलीकडे जुळ्यांनी सूर लावला, आणि त्यांच्यावर कडी करून त्यांच्या आईबापांनी.

विषय तोच. सुंता.

नातू दोन, दीड महिन्यांचे. मोठा ढब्बू, कारण तो आहेच तसा. धाकटा चिंगू, मुठीत मावेल एवढा. चिरंजीवांचं म्हणणं, दोघांचीही आत्ताच करून टाकू. सूनबाई म्हणते, काही दुखत नसताना कापायचं कशाला?

त्याचंही अगदीच खोटं नाही. त्याची स्वतःची सातव्या वर्षी करावी लागली होती. कातडी घट्ट होती, लघवीला गेला की भोकाड. नंतर कितीतरी दिवस चड्डी पुढून चिमटीत धरून घरभर हिंडत होता. ही, म्हणजे त्याची आई, तेव्हा हसू दाबत स्वयंपाकघरात पळायची, आणि तिथे जाऊन रडायची.

"मला सगळं आठवतंय बाबा," तो म्हणाला. "यांना आठवायला नको, एवढंच."

५ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे आम्ही सगळे. त्या म्हणाल्या, गरज म्हणाल तर नाही. थोडे फायदे आहेत, थोडे धोके आहेत. आणि बापाला त्रास झाला म्हणून मुलांना होईलच असं नाही. ठरवायचं तुम्ही.

आता डॉक्टरसुद्धा ठरवत नाहीत! मग फी कसली घेतात?

६ मार्च

सकाळी तो माझ्या खोलीत. "बाबा, तिला तुम्ही समजवा. तुमचं ऐकते ती."

दुपारी ती. "बाबा, तुमच्या मुलाला जरा सांगा ना. माझं ऐकतच नाही."

शेजारच्या खोलीत एकाच पलंगावर झोपतात दोघं. मधे मी कशाला? माणूस आहे की टपालपेटी?

८ मार्च

ठरलं म्हणे. कसं ठरलं? तो बोलता बोलता रडला, आणि ती गप्प झाली. याला एकमत म्हणतात!

ढब्बूची उद्या. चिंगूचं वजन कमी, त्याला नंतर बोलावलंय.

९ मार्च

झालं. आधी बधिर करायची सुई, तोंडात साखरपाण्याचे थेंब. ढब्बू सुईला रडला, मग जो झोपला तो घरी येऊन दुधालाच उठला. बाप मात्र तिथेच पांढराफटक. त्याला बाहेरच्या बाकावर बसवून नर्सने पाणी दिलं.

प्रत्येक वेळी लंगोट बदलताना व्हॅसलीन लावलेली जाळीची पट्टी ठेवायची. ते काम कोणी करायचं? ज्याने हट्ट धरला तो दाराशी उभा राहून खिडकीबाहेर बघतो. सूनबाई करते, आणि ती थकली की मी. या वयात नवी विद्या! हात थरथरतात म्हणून 'उठा पाखरांनो' म्हणत करतो. हात तालात आले की थरथर कमी होते. पुढची ओळ अजून नाही.

१२ मार्च

कपाळावर हात मारून घ्यायची वेळ आली आज!

जखमेवर पिवळसर थर आला होता. नर्सने आधीच सांगितलं होतं — सायीसारखा थर येईल, तो पू नाही, आपोआप जाईल, हात लावायचा नाही. सांगताना साहेब बाहेरच्या बाकावर पाणी पीत होते ना!

आज सूनबाई आंघोळीला गेलेली. हा पहिल्यांदाच धीर करून एकटा लंगोट बदलायला बसला. पिवळं दिसलं. चिरंजीवांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर काच पुसायची, उजेडात धरायची, पुन्हा पुसायची. डाग दिसला की त्यांचा हात आपोआप जातो. घेतला कापूस, भिजवला, आणि पुसून काढलं चकचकीत!

रक्त. ढब्बूची किंकाळी. सूनबाई ओल्या केसांनी धावत आली. "काय केलंस? अरे, काय केलंस तू?" त्याच्या हातात तो कापूस तसाच. मी फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वच्छ पट्टीने हलकेच दाबून धरा, उचलून सारखं बघू नका. धरलं. थांबलं. घेऊन गेलो, त्यांनी तपासलं. म्हणाल्या, काही बिघडलं नाही.

काही बिघडलं नाही! घरी येताना गाडीत दोघं दोन खिडक्यांना.

१३ मार्च

ती बोलत नाही. तो जेवत नाही. मी दोघांच्या वाटचं बोलतो आणि जेवतो.

१४ मार्च

आज नर्सचं वाक्य घोळवता घोळवता दुसरी ओळ झाली. गुरुजींची नव्हे, माझीच.

उठा पाखरांनो, दिशा लाल झाली
नको हात लावू, नवी साय आली

वृत्तात चोख! सूनबाईला म्हणून दाखवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. तो दारात उभा होता. हसला नाही, निघून गेला. चुकलंच माझं. ओळ त्याच्यावर नव्हती, पण लागली त्याला.

२० मार्च

ढब्बू ठणठणीत. जखम भरली, साय गेली, खाली गुलाबी कातडी. डॉक्टरीणबाई खूश. वाटलं, आटोपलं एकदाचं. आता मी, माझी खुर्ची आणि हरवलेली ओळ.

कसलं काय!

२१ मार्च

चक्रं उलटी फिरली. आता तो म्हणतो, "चिंगूला हात लावायचा नाही. मी ते रक्त बघितलंय." आणि ती? जी 'कशाला कापायचं' म्हणत होती ती? "आता चिंगूचीही करायचीच. भाऊ भाऊ आहेत, एकासारखा दुसरा नको का? उद्या एकाने विचारलं, मी असा का आणि हा तसा का, तर काय सांगू?"

ती पडदे शिवते. खिडकीच्या दोन पडद्यांत बोटभर फरक राहिला तर सगळं उसवून पुन्हा शिवेल, पण तसा देणार नाही. अगं, पण हा पडदा आहे का?

सकाळी तो माझ्या खोलीत. "बाबा, तिला तुम्ही समजवा."

दुपारी ती. "बाबा, तुमच्या मुलाला जरा सांगा ना."

२२ मार्च

दोघांना एकत्र बसवलं. म्हटलं, माझ्याशी नको, एकमेकांशी बोला. दोघंही माझ्याकडे बघून बोलले. उठून गच्चीवर गेलो. तिथे कपडे वाळत घातलेले, दोन दोन सारखी झबली. एकावर दुधाचा डाग, एक कोरं. एवढ्यावरून ओळखतो मी, कुठलं ढब्बूचं, कुठलं चिंगूचं. त्यांना काय फरक पडतोय?

२८ मार्च

चिंगूचं वजन भरलं. सूनबाईने स्वतःच वेळ घेतली, ३ एप्रिलची. तो म्हणाला, "कर तुला काय करायचं ते. मी नसेन." भिंगांच्या खरेदीला परगावी जायचं काढलंय. पाच तारखेला परत.

ढब्बूच्या वेळी ती गप्प बसली, आता हा पळतोय. आज त्याची आई असती तर तिने दोघांचे कान धरले असते. मला ते कधी जमलं नाही. मला फक्त चाली येतात.

१ एप्रिल

गेला. जाताना चिंगूला उचललं नाही. पाळण्यापाशी उभा राहिला फक्त. मग माझ्याजवळ येऊन, "बाबा, पट्टी नीट ठेवाल ना?"

अरे गाढवा, हे मला काय सांगतोस?

३ एप्रिल

टॅक्सी बोलावली होती. चिंगू गुंडाळून तयार, ढब्बू माझ्या खांद्यावर, सूनबाईचा एक पाय चपलेत. बेल वाजली. टॅक्सीवालाच असणार म्हणून मी दार उघडलं.

दारात हा! दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, खांद्याला बॅग. मला ओलांडून सरळ तिच्यासमोर गेला.

"अडवायला नाही आलो. तुला करायचीच असेल तर मी धरतो त्याला. या वेळी तोंड फिरवणार नाही."

 ती म्हणाली, "तुला काय वाटतं ते सांग. मला सांग, बाबांना नको."

"भीती वाटते गं."

"मलाही."

सूनबाईने चपलेतला पाय बाहेर काढला.