जहाजातल्या दोन खोल्या

४ सप्टेंबर, गुरुवार

जहाज! कैलास फोनवर म्हणते, "बाबा, या दिवाळीत आम्ही कारंज्याले येत नाई. आपण सगळे जहाजात जाऊ. मुंबईहून बसाचं, गोवा, कोची, चार दिवस पाण्यावर अन् परत." पहिल्या वाक्याले माझं तोंड उतरलं, दुसऱ्याले उघडंच राह्यलं. समुद्र मी फक्त टीव्हीत पाह्यला. लय झालं तर बोर धरण.

तीन कंपन्यांची माहिती त्यानं मोबाईलवर धाडली - नीलराणी, सागरसम्राट अन् मैत्री. म्हणते, "तुम्ही आता रिटायर, निवांत आहात. सगळ्याईले फोन लावा, लहान लेकराईसाठी कोणतं जहाज बरं ते तुम्हीच सांगा." त्याले पुण्यात कम्प्युटर कंपनीत जेवाले फुरसत नाई.

बरोबर माणसाले काम सांगतलं पोट्ट्यानं. मी जन्मभर एसटीचा कंडक्टर. प्रवासाची चौकशी माझ्याहून चांगली कोण करन?

५ सप्टेंबर

नीलराणीले फोन लावला. हिंदीसाठी दोन दाबा. दाबलं. गाणं वाजलं. मंग एक पोरगी आली, लय गोड बोलणारी.

मी विचारलं, हाफ तिकीट कितव्या वर्षापर्यंत? म्हणाली, सर, हमारे यहाँ हाफ नहीं होता. मी विचारलं, रस्त्यात जहाज बिघडलं तर मांगून येणाऱ्या जहाजात बसवून देता काय? मंग म्हणाली, सर, होल्ड कीजिए. पुन्हा गाणं! आमच्या डेपोत साधा नियम होता - गाडी फेल झाली की पॅसेंजर मांगच्या गाडीत. एवढ्या मोठ्या कंपनीले माहीत नाई म्हणजे कमाल झाली.

कैलासची माय, म्हणजे आमच्या लीलाबाई, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणे, "काय जी, त्या पोरीले बेजार करून राह्यले."

७ सप्टेंबर, रविवार

तिन्ही जहाजं पाहून झाली. इथं लिहून ठेवतो.

नीलराणी - सगळ्यात मोठं. आत बाजार, सिनेमा, पोहाचा हौद. लेकराईसाठी वेगळा मजला, त्याचं नाव बालनगरी. तीन वर्षापासून बारापर्यंत कोणतंही लेकरू सकाळी तिथं नेऊन द्याचं, मनगटाले पट्टी बांधते, अन् रात्री पट्टी पाहून वापस देते. सायकल स्टँडच आहे! इंटरनेट म्हणे घरच्यापेक्षा जोरात.

सागरसम्राट - मधलं. घसरगुंडी आहे पाण्याची. पण चार वर्षाच्या पोराले त्यावर मनाई. आमचा नातू कार्तिक बरोबर चार वर्षाचा. म्हणजे त्याची बहीण चंचल घसरन अन् हा खाली उभा राहून बोंबलन. बाद.

मैत्री - लहान, जुनं. लेकराईसाठी काहीच नाई. कागदावर स्वच्छ लिहिलं आहे, बालकांची देखरेख पालकांनी स्वतः करावी. इंटरनेट नाई. मोबाईलले रेंज नाई.

वाचून मी खुर्चीतून उठलोच. हेच जहाज!

इथं कोणी वाचणार नाई म्हणून खरं लिहितो. चंचल आठ वर्षाची, कार्तिक चार. वर्षातून तीन दिवस दिवाळीले येते. एक दिवस झोपण्यात जाते, एक मोबाईलमंधी, तिसऱ्या दिवशी बॅगा भरते. मागच्या दिवाळीत कार्तिक मले पाहून मायच्या मांगं लपला. तिनं सांगतलं, अरे, आबाजी आहेत! तरी निघाला नाई. लय लागलं मले. म्हणून मले ते चार दिवस पाहिजे. अख्खे. जिथं लेकरं बालनगरीत जाणार नाई, मोबाईलमंधी जाणार नाई, कुठंच जाऊ शकणार नाई. चारी बाजूनं पाणी!

८ सप्टेंबर

कैलासच्या मायले तिन्ही जहाजं समजावून सांगतली. मैत्रीबद्दल जरा जास्तच बोललो. ती लसूण सोलत होती. सगळं ऐकून म्हणते, "मले ते नीलराणी बरं वाटते. लेकराईले दिवसभर खेळाले भेटन."

हिले काय झालं? नातवाईसाठी जीव टाकणारी बाई!

११ सप्टेंबर

चहाच्या टपरीवर नत्थूजी भेटला. तो एक बार अंदमानले जाऊन आला, तेव्हापासून समुद्र त्याच्या बापाचा. म्हणते, "चंद्रभान, उलटी होते बे. खिडकीची जागा घेजो." मी म्हणलं, लेका, एसटीत तीस वर्ष उलटीवाल्याईले खिडकी मीच दिली. पण जहाजाची खिडकी उघडतच नाई, हे याले माहीत नाई. मी कागद वाचला आहे.

घरी येऊन मैत्रीवाल्याईले फोन लावला, उलटीची काय सोय म्हणून. तिकडचा माणूस म्हणते, "लिंबू ठेवा सोबत." पसंत पडला मले. सरळ माणूस.

१४ सप्टेंबर, रविवार

आज कैलासशी बोलणं. नीलराणी पाडाची होती. पण सरळ कसं सांगाव? म्हणलं, "बालनगरीत दिवसभर लेकराईले इंग्रजी गाणे म्हणाले लावते."

तो म्हणते, "अरे वा! मंग तर चांगलंच आहे."

घ्या! स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा. मंग म्हणलं, जेवण सगळं परदेशी आहे. तर मांगून चंचल ओरडली, "पास्ता? आबाजी, पास्ता आहे? येऽऽ!" दोन्ही बाजूनं मार!

शेवटी नुसतं बोलाचं म्हणून बोललो, "अन् इंटरनेट तर असं आहे म्हणते, समुद्राच्या मधातही तुझ्या ऑफिसची मिटिंग चालू राहीन." मंग आमची सून मोहिनी आली लाईनवर. "मामाजी, नीलराणीत नेट आहे?" म्हणलं, हो बाई, जोरात. "अन् मैत्रीत?" म्हणलं, काडीचंही नाई. मोहिनी म्हणाली, "मग मैत्रीच. ह्यांचा लॅपटॉप घरी राहील. विषय संपला."

मांगून कैलास "अगं पण, अगं पण" करत होता. कोणी ऐकलं नाई.

अशी सून नशिबानं भेटते!

१५ सप्टेंबर

कैलासच्या मायले आनंदाची बातमी सांगतली. म्हणते, "मंग लेकरं दिवसभर आपल्याच अंगावर?" म्हणलं, हाव ना! तेच तर! तिनं नुसता उसासा सोडला. गुडघा दुखत असन.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

राकेशच्या मोबाईल दुकानात बुकिंगचा फॉर्म भराले बसलो. कॉम्प्युटरवर तो, बाजूले मी, कैलास अन् मोहिनी फोनवर. सहा माणसं, दोन खोल्या. राकेश म्हणते, "काका, कोणत्या खोलीत कोण?"

यात विचाराचं काय? म्हणलं, एका खोलीत माणसं - मी, कैलास, कार्तिक. दुसरीत बाया - कैलासची माय, मोहिनी, चंचल.

राकेशचा हात थांबला. फोनवर मोहिनी म्हणते, "मामाजी!" अन् कैलास असा हसत सुटला की फोन त्याच्या हातातून पडला.

अरे, यात हसाचं काय? लग्नाले गेलो की जानवशात काय असते? बायाईची खोली वेगळी, माणसाईची वेगळी. पचमढीले महादेवाले गेलो तेव्हा बाया एका गाडीत, आम्ही दुसऱ्या गाडीत. माझ्या स्वतःच्या बसमंधी मी जन्मभर ओरडलो, बाया समोर, माणसं मांगं! कोणाची तक्रार आली नाई. जहाज झालं म्हणून काय रीत बुडवाची?

मोहिनी हळूच म्हणाली, "मामाजी, दिवाळीची सुट्टी आहे. लग्नाची वरात नाही." तिचा आवाज ऐकून समजलं. लाजलो मी. राकेश तर टेबलाखाली काहीतरी शोधाले वाकला, वरच येईना.

उद्या सांगतो म्हणून उठलो.

२० सप्टेंबर

सुचलं! झोपेत सुचलं! नवरा-बायको एका खोलीत, हे तर मोहिनीचंच म्हणणं आहे. ठीक. कैलास अन् मोहिनी एकीत. मंग उरलेले सगळे दुसरीत. मी, कैलासची माय, चंचल अन् कार्तिक! लेकरं रात्रीही आमच्यापाशी!

फोन केला. कैलास म्हणते, "चालते." एका सेकंदात! मले वाटलं होतं, जरा तरी भांडन. मोहिनीनं मोबाईलवर लाल बदाम धाडला. सासऱ्याले कोणी बदाम धाडते काय? पण ठीक आहे. खुशीत असन.

२१ सप्टेंबर, रविवार

बुकिंग पक्कं! राकेशनं छापील कागद दिला. वरून पेढाही मागून घेतला माझ्याकडून.

संध्याकाळी कार्तिक स्वतःहून फोनवर आला! स्वतःहून! म्हणते, "आबाजी, जहाजाला बेल असते का?" म्हणलं, असते, अन् ती वाजवाची कशी ते कंडक्टरले माहीत असते. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. त्यानं लगेच तोंडानं वाजवली - टिंग टिंग! मी म्हणलं, चला! पुन्हा टिंग टिंग. मी पुन्हा, चला! असं किती वेळ चाललं काय माहीत. शेवटी मोहिनीनं त्याले जेवाले ओढून नेलं. चष्मा पुसावा लागला मले.

कैलासच्या मायले म्हणलं, ऐकलं काय? पोट्टं माझ्याशी बोललं! म्हणाली, "ऐकलं जी." हसली पण. बरं वाटलं.

मंग खोल्याईचं सांगतलं. आपल्या खोलीत चार पलंग. दोन खाली, दोन वर. वर लेकरं, खाली आम्ही दोघं... नाई, कार्तिक वर कसा झोपन, पडन. मंग कार्तिक माझ्यापाशी, चंचल तिच्या आजीपाशी. सगळं कागदावर काढून दाखवलं. ती म्हणाली, "बरं." अन् उठून गेली. या बाईले कशाचंच कौतुक नाई!

२२ सप्टेंबर

घट बसले. भाजीत मीठ नव्हतं. विचारलं तर म्हणते, "टाकून घ्या."

२३ सप्टेंबर

आजही तेच. वरणात.

नत्थूजीले सांगतलं. तो म्हणते, बाई समुद्राले भेली असन. पटलं मले. घरी येऊन समजावलं, जहाज बुडत नाई, अंगात घालाचे पट्टे असते, छोट्या होड्या असते, सगळं कागदात आहे. ती म्हणते, "मी कायले भेऊ?" अन् भांडे इतके जोरात आपटले की शेजारची कांता पाहाले आली.

नत्थूजीले काही समजत नाई.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज सरळ विचारलं. काय झालं ते सांग, नाईतर मीठ तरी टाक. मंग तोंड तिकडं करून म्हणाली, "लेकरं मलेही पाहिजे. पण त्या मोठ्या जहाजात ते दिवसभर खेळाले गेले असते, तं आपण दोघं बसलो असतो. तुमच्या बसमंधी मी जन्मभर फिरली. समोर बायाईत बसली, अन् तुम्ही दारात उभे. तुमच्या बाजूले बसून मी कुठंच गेली नाई."

तसाच कैलासले फोन लावला. म्हणलं, खोल्या बदलव. लेकरं तुमच्यात. आमची खोली आमची. तो म्हणते, "काऊन बाबा? काय झालं?" मी घसा साफ करत राह्यलो. तो पुन्हा म्हणते, "काऊन पण?"

कैलासच्या मायनं फोन माझ्या हातातून घेतला अन् बंद केला.