सूक्ष्मदर्शकावरचं कुंकू

प्रिय मंजू,

अमरावतीले सुखरूप पोचलो. विद्यापीठातलं जेवन बरं आहे, फक्त भाजीले तिखट नाही. तुया गुडघा कसा आहे?

विज्ञानाच्या मास्तरांचं शिबिर सुरू झालं. विद्यापीठानं तीन वर्षांआधी केनवडच्या आपल्या शाळेले पाच सूक्ष्मदर्शक देले होते. त्यातला एक सोबत आना, असं सांगितलं होतं. इथल्या मॅडमनं तो पाह्यला अन् विचारलं, "सर, हे लाल काय आहे?"

कुंकू होतं. दरसाल दसऱ्याले पूजा करून आमी ते सूक्ष्मदर्शक शाळेच्या कपाटात ठेवतो. फुटले तर जबाब मले द्या लागन, म्हनून पोरांच्या हाती कधी देले नाहीत.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तेच कुंकू काचेवर घेतलं अन् म्हनाल्या, "तुमीच पाहा." खडे दिसले, लहान-मोठे, धारेचे. विज्ञान शिकवता शिकवता बावीस वर्षं झाले, पन सूक्ष्मदर्शकाले डोळा मी काल पह्यल्यांदा लावला.

हे फोनवर सांगता आलं नसतं.

कपाटाची चावी देवघरात हळदीच्या डबीखाली आहे. पत्र भेटलं की शाळेत नितामॅडमले नेऊन दे. पोरांले पाहू द्या म्हनाव. फुटला एखादा, तर फुटला.

तुया,
धनराज