तिसऱ्या वचनापुढचे वाचन

मृत्युपत्र करायला फार उशीर केला, याबद्दल माझी मुलगी रोंदांग आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे यांची आधी माफी मागतो. लिहायला बसलो की काहीतरी राहून जाईल अशी धास्ती वाटे आणि कागद परत पेटीत जाई. आता डोळेच चालले, म्हणून बसलो.

मी हिरास सिंबोलोन, राहणार लुंबान रागी, सामोसिर बेट. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. सकाळी काय खाल्ले ते आठवते. ताडी घेतलेली नाही. कोणाचा धाक नाही. पुतण्या बोनार सारखा विचारायला येतो, पण त्याला धाक म्हणत नाही.

खांबांवरचे राहते घर, शिडी, चूल आणि मागची कॉफीची झाडे रोंदांगला द्यावीत. आमच्या रिवाजात मुलगा नसेल तर घर भावाच्या मुलाकडे जाते, हे मला माहीत आहे. बोनार मला थोरला बाप म्हणून हाक मारत म्हणाला, "मोठे अमांग, मुलगी दुसऱ्या कुळात गेली. पाहुणीच्या हातात कोणी घराची किल्ली देतं का?"

मी म्हटले, "मला मुलगा आहे."

तो खाली बघत म्हणाला, "आहे तर कुठे आहे ते दाखवा. नाहीतर देवळात त्याची घंटा वाजवू द्या आणि मोकळे व्हा."

माझा मुलगा तुंपाल बेटाभोवतीच्या सरोवरावर मासे धरायला गेला तो परत आला नाही. होडी सापडली, तो नाही. मेलेल्यासाठी वाजवतात ती घंटा मी आजवर वाजवू दिली नाही. होडी फोडून कॉफीला कुंपण केले आहे. ते कुंपण काढू नये.

बोनारला भाताचे खाचर आणि म्हैस द्यावी. म्हैस डावीकडून लाथ मारते. हे सांगितले नाही असे त्याने मागाहून म्हणू नये.

देवळातले वडीलधारे मारुदुत यांना माझा चष्मा. त्यांना दुसऱ्यांच्या घरातले फार दिसते, जवळचेही दिसावे. त्यांनीच पाळकसाहेबांना सांगितले की हिरास घरात भूत बसवतो. त्याची हकीकत खरी काय ती इथे लिहून ठेवतो.

आमच्या घरी पहाटे चूल पेटण्याआधी मंडळीच्या कॅलेंडरप्रमाणे त्या दिवसाचा बायबलचा अध्याय वाचतात. एक वचन मी, पुढचे माझी बायको लामरिया, त्यापुढचे तुंपाल, मग परत मी. रोंदांग लहान होती, ती शेवटी आमेन म्हणे. तुंपाल गेल्यावर लामरिया म्हणाली, "त्याची पाळी कोणी घ्यायची नाही." तेव्हापासून त्याचे वचन आले की आम्ही गप्प बसत असू. लामरिया गेल्यावर तिची वचने मी वाचतो, त्याच्या वचनाला थांबतो. दाराजवळ तो मांडी घालून बसे, तिथली फळी तेवढ्यात वाजते. गुडघा बदलल्यासारखी. मग मी पुढे वाचतो. थंडीत लाकूड वाजते, हे मलाही कळते. पण ती फळी एरवी वाजत नाही.

पाळकसाहेबांनी विचारले तेव्हा मी म्हटले, "मी भात ठेवत नाही, हाक मारत नाही. नुसता थांबतो. थांबणं पाप आहे का?"

ते म्हणाले, "तो देवाजवळ आहे, हिरास."

"असेल. पण पाळी आली की इथं येतो."

मग त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. मीही रोज मागतो की प्रभू, हे पाप असेल तर फळी गप्प कर. ती अजून वाजते. मला काळजी एवढीच की मी गेल्यावर तो येऊन बसेल, पाळीची वाट बघेल आणि घरात वाचणारे कोणी नसेल. हे मृत्युपत्र त्यासाठी आहे. बाकीचे बोनारने कधीच मोजून ठेवले आहे.

तुंपाल गेला त्या शेवटच्या सकाळी योहानाच्या पुस्तकातला शेवटचा अध्याय होता. तिसरे वचन तुंपालला आले. पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. सगळे होडीत बसतात आणि रात्रभर एक मासा मिळत नाही. ते वाचून तुंपाल हसत उठला. "बघा अमांग, पेत्रसुद्धा निघाला. वारा चांगला आहे. उरलेलं आल्यावर वाचू."

लामरिया म्हणाली, "अरे, रताळं तरी खाऊन जा."

"आल्यावर."

चौथे वचन माझे होते. ते मी अजून वाचलेले नाही. दरवर्षी ईस्टरनंतर तो अध्याय येतो. पहिले वाचतो, लामरियाचे वाचतो, तिसऱ्याला थांबतो. फळी वाजते. मग पाळी माझी असते आणि मी पुस्तक मिटतो. पुढे काठावर प्रभू उभा आहे, निखाऱ्यांवर मासा आहे, भाकर आहे, तो त्यांना खायला बोलावतो, हे मला पाठ आहे. पण आमच्या घरात ते शिष्य अजून होडीतच आहेत.

म्हणून रोंदांगला घर एका अटीवर. माझे दफन असेल त्या पहाटे तिने माझ्या जागी बसून तो अध्याय मोठ्याने वाचावा. तिसऱ्या वचनाला थांबावे. फळी वाजली तर भिऊ नये, वाजली नाही तर रडू नये. मग चौथे वाचावे. त्यापुढे थांबू नये, भावाची पाळीही तिनेच घ्यावी आणि त्या सगळ्यांना काठावर आणावे. चुलीवर रताळी ठेवावीत. मारुदुतांनी डोळे वटारू नयेत, ती वाचून झाल्यावर जिवंत माणसांनीच खायची आहेत. नंतर देवळातली घंटा दोघांची म्हणून वाजवावी, आधी त्याची, मग माझी.

मी सांगितले तसे लिहिलेले हे मला वाचून दाखवले, मला समजले, सही माझी आहे. थोडी ओळीबाहेर गेली आहे.

हिरास सिंबोलोन

साक्षीदार:
सिहोल मानिक, शेजारी
पाळक आल्बिनुस नाबाबान

लुंबान रागी, २ मार्च १९८७

सहीखाली आणखी थोडे, पाळकसाहेबांच्या परवानगीने. रोंदांग, ईस्टर जवळ आला. तो अध्याय यंदाही येणार, आणि मला आता अक्षर धड दिसत नाही. दफनाची वाट कशाला बघायची? मी असतानाच येऊन वाच, मी तुझ्याजवळ बसेन. तुमच्या पेकानबारूहून इकडे येणाऱ्या बसवाल्याकडे निरोप दिलास तरी पोचतो. येतेस की नाही, ते लवकर कळव.