चंदेरी शीटचं फिटिंग

४ एप्रिल
आणि वर हे मलाच विचारतात, बिल एवढं कसं आलं! मी काय मीटर फिरवत बसते? वरची खोली पत्र्याखाली. एसी सकाळपासून घरघरतो, खोली भट्टीच. आज यांनी रिमोट कपाटात घालून कुलूप लावलं. तासाभरात पोरगी पुस्तकं उचलून समोर जाऊबाईंकडे गेली. परीक्षा होईपर्यंत काकूकडेच राहते म्हणे. काकूकडे! सरबत पाजून पाजून पोरगी पळवली बाईनं.
ठरलं. आठ दिवसांत खोली गार, एसी बंद, पोरगी घरात.

५ एप्रिल, दुपार
दुकानातून चंदेरी शीट आणली. माळ्यावर पत्र्याखाली लावायची, उन्हाची धग अडवते. दुकानदार मला अक्कल शिकवतो. पत्रा आणि शीट यांच्यात चार बोटं अंतर ठेवा, चकचकीत बाजू उघडी राहू द्या. मी म्हटलं, बावीस वर्षं ब्लाउज शिवते. चार बोटं ढगळ ठेवला तर कस्टमर तोंडावर फेकेल. म्हणाला, बाई, हे ब्लाउज नाही. उद्धट मेला.

७ एप्रिल
चकचकीत बाजू उघडी ठेवली तर धूळ बसणार, एवढं त्याला कळत नाही. अस्तराशिवाय चांगलं काम नसतं. जुन्या चादरी काढल्या, दोन्ही बाजूंनी अस्तर, दुहेरी टीप. तीन सुया मोडल्या. आजकाल सुया पण फसव्या. मध्येच एक बाई ब्लाउज मागायला आली, म्हणे उद्या लग्न आहे. म्हटलं, तुमचं नाही ना? मग जुना घाला.

९ एप्रिल
बसवली. पत्र्याला घट्ट, एक सुरकुती नाही. जिथे लोंबत होती तिथे चिंध्यांची गाठोडी खालून कोंबली. हे खाली शिडी धरून होते. म्हणाले, तो काहीतरी अंतराचं म्हणाला होता ना? म्हटलं, शिडी धरा.
उरलेली शीट जाऊबाईंनी मागितली. दिली. सुईत दोरा ओवता येत नाही, काय दिवे लावणार आहेत!

११ एप्रिल, दुपारी दोन
खोली गार झाली आहे. स्वतः बसून पाहिलं. घाम आला, तो जिना चढल्यामुळे.

१२ एप्रिल
आज आधीच वर जाऊन बसले. तरी घाम. चहा गरम होता. कपाटाची किल्ली सापडली. एसी जरासा लावला, शीटला आधार म्हणून. यांना सांगायचं नाही.

१३ एप्रिल
यांनी मीटर बघितला.

१४ एप्रिल
सहज जाऊबाईंच्या माळ्यावर डोकावले. बघवेना. शीटला अस्तर नाही, टीप नाही. वाशांना दोरी बांधून वाळत घातल्यासारखी टांगलीय. वर पत्रा, खाली शीट, मधून हात जातो. माझ्याकडच्या शिकाऊ मुलीनं असं केलं असतं तर हाकलून दिली असती.
खाली पोरगी अभ्यास करत होती. पंखा एक नंबरवर. एसी नाहीच.

१५ एप्रिल
पोरगीला बोलावलं, खोली दाखवली. दोन मिनिटं उभी राहिली. म्हणाली, आई, एसी लावायचा राहिला का? मग उशी उचलून परत गेली. हे तिच्यामागून चार्जर द्यायला गेले, ते संध्याकाळी डोळे चोळत आले. तिकडे छान झोप लागली म्हणे. घरात दोन फितूर.

१६ एप्रिल
दुकानदाराला जाऊन झापलं. तुझी शीट खोटी आहे. त्यानं विचारलं, चादरीचं अस्तर का लावलंत? मी सांगितलं, धूळ बसते. खुर्चीत बसून हसला. खोकला येईपर्यंत हसला. बरं झालं.

१७ एप्रिल
टीप उसवायला घेतली. अस्तर खराब झालं होतं म्हणून. दुसरं कारण नाही.
यांच्या हाती जाऊबाईंकडे चिठ्ठी पाठवली. तिची नक्कल इथे ठेवते, नंतर उलटायला नको: उशी परत पाठवा. पोरगीही. आणि रविवारपर्यंत लेखी उत्तर द्या, दोरी वाशाला कुठे बांधली आणि मध्ये बोटं नक्की किती सोडली. तुमची बोटं जाड आहेत, माझ्या बोटांनी किती होतात ते लिहा.