मटारची डीव्हीडी

४ फेब्रुवारी

आज मटार सोलताना ती दुपार आठवली. हे नवा कॅमेरा घेऊन आले होते. तो फ्रिजवर ठेवला, तोंड टेबलाकडे केलं आणि माझ्यासमोर बसून मटार सोलायला लागले. म्हणजे सोलले कमी, खाल्ले जास्त! कॅमेरा चालूच आहे हे दोघांच्याही गावी नाही. पुढे ह्यांनी त्याचीसुद्धा डीव्हीडी केली. काही टाकवत नसे ना! वर गोल कागद चिकटवून सुवाच्य अक्षरात लिहिलं — ‘कॅमेरा चाचणी’.

ह्यांना जाऊन आता वर्ष होईल. फोटो ढीगभर आहेत, आवाज नाही. बाकी सगळ्या शूटिंगमध्ये हे कॅमेऱ्यामागे — ‘जरा डावीकडे सरका’, संपलं. लेकीच्या लग्नाच्या डीव्हीडीत समोर आहेत, पण तिथे उसना कोट घालून ‘या, या’ करताहेत. ते हे नव्हेत. मला मटार सोलणारे हवेत.

डीव्हीडी घातली. कॉम्प्युटर घरघरला, थांबला, परत घरघरला. मग म्हणतो — कृपया डिस्क घाला. मग मी काय बशी घातली होती?

६ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले. म्हणाला, “काकू, दोष दोघांपैकी एकाचा. डीव्हीडीचा नाहीतर ड्राइव्हचा. आधी ड्राइव्ह तपासा. एखादी चांगली डीव्हीडी घाला. पण अशी, की गेली तरी डोळ्यांत पाणी येणार नाही.”

एक प्रोग्रॅम दिला त्याने. तो चित्र दाखवत नाही, नुसतं वाचून बघतो. नीट वाचलं की हिरवा चौकोन, अडखळलं की पिवळा, जमलंच नाही की लाल. आमच्या शाळेतही साधारण असंच होतं.

घरात तशी डीव्हीडी एकच. लेकीच्या लग्नाची. ती घटस्फोट घेऊन माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून वरच्या फळीवर आहे. कुणी बघत नाही, त्यामुळे आरशासारखी लख्ख. भीतभीतच विचारलं.

“घाल की,” लेक म्हणाली. “कुठेतरी उपयोगी पडू दे.”

७ फेब्रुवारी

लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवं. औषधालासुद्धा पिवळा चौकोन नाही.

लेकीला सांगितलं. “चला, ड्राइव्हला तरी जमलं,” म्हणाली आणि ऑफिसला गेली.

म्हणजे ड्राइव्ह निर्दोष. मग मटार घातली. लाल.

९ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याने मटारची डीव्हीडी उजेडात तिरकी धरून बघितली. वरचा कागद एका बाजूला फुगलाय. वेगात फिरली की डुगडुगते, आणि वाचणाऱ्याची नजर ठरत नाही.

“कागद काढू?”

“हात लावू नका, काकू! गाडी हळू चालवा, बास.”

स्वतःचा जुना ड्राइव्ह दिला, वेग सगळ्यात कमी करून. “म्हातारा आहे, पण धीराने वाचतो.” आमचं जमेल असं वाटतं.

१० फेब्रुवारी

वाचली!!

टेबल, परात, आम्ही दोघं. मी बोलतेय. समोरच्या घराचे पडदे, दुधाची पिशवी, लेकीची गणिताची परीक्षा, परत पडदे. हे म्हणताहेत, ‘हं.’ मी पुढे. हे — ‘हं.’ इतकं बोलत होते मी? त्या माणसाने तोंड उघडावं तरी कधी!

मग ह्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “अगं, ऐक ना —”

आणि चित्र गोठलं. तोंड उघडंच. पुढे सगळं लाल.

११ फेब्रुवारी

काय सांगायचं होतं? आठवत नाही. समोर बसले होते, आणि आठवत नाही.

१२ फेब्रुवारी

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आमच्याकडून बक्षिसांचे पितळी कप घासून घ्यायच्या. मऊ फडकं, थोडं पॉलिश, आणि गोल, गोल, गोल. ‘आपलं तोंड दिसेपर्यंत, मुलींनो!’ माझ्या कपाला कधी नाव ठेवलं नाही कुणी.

आज डीव्हीडीची खालची बाजू तशीच घासली. मन लावून. तोंड अगदी स्वच्छ दिसलं.

मग लावली. आता पहिलं ‘हं’सुद्धा नाही.

१३ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याने उजेडात धरून बघितलं. मग म्हणाला, “काकू, मधून कडेकडे पुसायची असते. गोल कधीच नाही. ड्राइव्ह गोलच वाचतो ना, ओरखडेही मग त्याच वाटेवर पडतात.”

वाचलं होतं तेव्हा प्रत काढून ठेवली होती का, विचारत होता. प्रत! मी तर रडत बसले होते.

१८ फेब्रुवारी

विहीणबाई गेल्या.

जावयाचा लेकीला मेसेज आला. (जावईच लिहिते. दुसरा शब्द सुचत नाही.) आईचा आवाज त्याच्याकडे कुठेच नाही. कॅमेरा दिसला की त्या स्वयंपाकघरात पळायच्या. फक्त लग्नात माइक हिसकावून सगळ्यांना दटावलं होतं — ‘भाषणं पुरे, अन्न गार होतंय!’ त्याने आपली डीव्हीडी रागाच्या भरात मोडली. तुमच्याकडे आहे का, विचारतोय.

“खराब झाली म्हणून कळवते,” लेक म्हणाली.

“सगळे चौकोन हिरवे आहेत गं.”

“आई, त्या चौकोनांचं कौतुक पुरे! माझं लग्न मी त्याला पार्सल करणार नाही.”

जेवण झालं नाही कुणाचं. विहीणबाई आणि मी रोज फोनवर बोलायचो. घटस्फोटानंतर दोघींनी वाट बघितली, दुसरीने आधी फोन करावा.

१९ फेब्रुवारी

लेकीने मेसेजला उत्तर दिलेलं नाही. मी विचारलेलं नाही.

२१ फेब्रुवारी

संध्याकाळी लेक म्हणाली, “हल्ली ड्राइव्ह लावत नाहीस?”

मग सांगितलं. पॉलिश, गोल, सगळं. ‘अगं, ऐक ना’ सुद्धा. मला वाटलं हसेल. ती माझ्यासमोर येऊन बसली.

“पुढचं मला ठाऊक आहे. बाबा डीव्हीडी करत होते तेव्हा मी शेजारीच होते.” मग अगदी ह्यांच्यासारखं, शब्द ओढत म्हणाली, “अगं, ऐक ना, तुझ्या केसांत मटार अडकलाय.”

“बास?”

“बास. तू झटकलास. बाबांनी तो उचलून खाल्ला. मग त्यांना कळलं कॅमेरा चालू आहे, म्हणून उठून पंख्याचं शूटिंग केलं. पुढे नुसता पंखा आहे, आई.”

“आधी नाही बोललीस ते!”

“तुला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं ना.”

मी परत म्हणायला लावलं. तिने म्हटलं. परत. तिने परत म्हटलं.

मग मी म्हटलं, “त्याला आईचं असं म्हणून दाखवायला घरात कुणी नाही गं.”

लेक उठली आणि भांडी घासायला लागली. स्वच्छ भांडीसुद्धा.

२४ फेब्रुवारी

म्हातारा ड्राइव्ह दुरुस्तीवाल्याला परत. मटारची डीव्हीडी माझ्या उशाशी, माझ्यानंतर लेकीची. लग्नाची एक प्रत काढायची, तीही लेकीला. तिनेच मागितली. काही कापायचं नाही म्हणाली.

मूळ डीव्हीडी जावयाला. लेक स्वतः नेऊन देणार आहे. पाकिटावर तिनेच लिहिलंय — ‘ह्यात आई आहेत. सावकाश लाव.’